उजेडातलं भात

माझ्या दुकानात गिऱ्हाईक यायचं ते आपलं दुखणं बरोबर घेऊन. कुणाच्या रुमालात भोकं पडलेली भेंडी, कुणाच्या काड्यापेटीत अळी, कुणाच्या जेवणाच्या डब्यात वांग्याचा सुकलेला शेंडा. एक गृहस्थ तर प्लास्टिकच्या पिशवीत जिवंत तुडतुडे भरून आले होते. त्यांनी माझ्यासमोर गाठ सोडली, तुडतुडे माझ्या चहात उतरले, आणि कपाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हेच ते." मी चहा ओतून टाकला आणि त्यांना औषध दिलं.

दुकान भिवंडीच्या बाजारात एका गल्लीत होतं. दोन्ही बाजूंना लूमचे सुटे भाग विकणारे आणि मध्ये मी. मागच्या कारखान्यातली लूमची खडखड दिवसभर भिंतीतून यायची. शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन मी हा धंदा मांडला तेव्हा नातेवाईक हसले होते. कपड्याच्या गावात हा किडे मारायला बसलाय, म्हणायचे. पण तेव्हा अंजूरपासून वडप्यापर्यंत सगळीकडे भात होतं, भात निघालं की वाल असायचा. पावसाळ्यात माझ्या दुकानात उभं राहायला जागा नसे. आता दुकान बंद आहे. त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात, आणि तिथे बाराही महिने गर्दी असते.

शेतीच्या औषधांबद्दल बाहेरच्या माणसाची समजूत अशी, की विष ते विष, शिंपडलं की किडा मेला. तसं नसतं. मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचो तो, "किडा जेवतो कसा?" पान कुरतडून खाणारी अळी असेल तर पानावरचं विष तिच्या पोटात जातं. तुडतुडा किंवा मावा पान खातच नाही, सोंड खुपसून रस पितो. पानावर नुसतं पसरून राहणारं विष त्याच्या पोटात जाणारच नाही. त्याला अंगाला लागून मारणारं औषध हवं, नाहीतर झाडाच्या रसातच भिनणारं, ज्याला आम्ही आंतरप्रवाही म्हणतो. आणि अळी खोडाच्या आत शिरून बसली असेल, तर फवारा वरून ओघळून जातो आणि बाईसाहेब आत निवांत जेवत असतात.

मग प्रश्न येतो औषध किड्याच्या आत काय करतं हा. आपण हात हलवतो तेव्हा नसांमधून निरोप जातो आणि काम झालं की तो निरोप पुसला जातो. जुनी जहाल औषधं त्या पुसणाऱ्यालाच अडवून धरतात. निरोप वाजत राहतो, किडा थरथरतो आणि थरथरूनच मरतो. दुसरी एक जात अळीला कात टाकू देत नाही, ती आपल्याच कातड्यात अडकून मरते. अलीकडची काही औषधं अळीचे स्नायूच लुळे पाडतात. ती जिवंत असते, पण तोंड हलत नाही, उपाशी पडून राहते. हे सगळं मी गिऱ्हाइकांना हातवारे करून समजावून द्यायचो. ते मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "ते समदं ठीक हाय शेट, लाल त्रिकोनवाला द्या."

बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे माणसाला सर्वांत घातक. आमच्या लोकांनी त्याचा अर्थ लावला, सर्वांत कडक, म्हणजे सर्वांत चांगलं. पंपाचं नोझल तुंबलं की तेच औषध ओठांना लावून फुंकायचं, हीही आमच्याकडची सवय. निरोप पुसणारा माणसाच्या नसांतही तोच असतो, हे सांगून मी थकलो. शेवटी प्रत्येक पंपाच्या पट्ट्याला खराट्याची काडी बांधून द्यायला लागलो, नोझल साफ करायला. त्या काडीने लोक दात कोरायचे. वडप्याचा एक फवारणीवाला असाच तोंडाला फेस येऊन दवाखान्यात गेला. जगला, पण त्याचे हात पुढे कायम कापत राहिले. तो दुकानात आला की मी कपात अर्धाच चहा भरायचो, सांडू नये म्हणून.

एकदा कामतघरहून एक लूमवाला आला. म्हणाला, "भाईसाब, खटमल की दवा दो. खेतवाली, एकदम तेज." बारा जणांची खोली, खिडकी नाही, आणि त्याला शेतावरचं औषध गाद्यांवर मारायचं होतं. मी म्हटलं, ढेकूण मरतील की नाही माहीत नाही, तुम्ही नक्की मराल. गाद्या दिवसभर उन्हात टाका. तो हसायला लागला. "गद्दा खाली कब होता है, साब? दिनवाला उठता है तो रातवाला सोता है." माझ्याकडे त्याला द्यायला काही नव्हतं. तो हात हलवत गेला, आणि कुठूनतरी औषध मिळवून मारेल की काय या धास्तीने मला पुढे कितीतरी दिवस चैन पडलं नाही.

पण मला खरं सांगायचंय ते कथोडदादांबद्दल.

कथोडदादा अंजूरचे. माझ्यापेक्षा वयाने मोठे, अंगाने काटक, आणि भाताचं माझं जवळपास शेवटचं गिऱ्हाईक. गावातल्या बाकीच्यांनी जमिनी गोदामांना दिल्या होत्या. दादांच्या मुलाने, रमाकांतनेही बऱ्याच जमिनीवर भराव टाकून गोदामं उठवली होती. खाडीच्या अंगाला एक तुकडा तेवढा उरला होता, तिथे दादा अजून भात लावायचे. रमाकांत वाईट माणूस नव्हता. बापाला कधी उलटून बोलला नाही. पण तीन बाजूंना गोदामं आणि मध्ये गुडघाभर चिखल, हे त्याला समजत नव्हतं.

त्या वर्षी रमाकांतच्या मुलीचं, प्रणालीचं, लग्न ठरलं. भात घरात आल्यावर लग्न. दादांच्या घरात लग्नाच्या अक्षता आणि मांडवातलं जेवण घरच्याच तांदळाचं असायचं, बाहेरचा दाणा चालत नसे. त्यावरून बापलेकाची बोलणी झाली. दादांनी दुकानात येऊन मला ती जशीच्या तशी सांगितली.

"रमाकांत मना बोलला, 'बाबा, तू बोलतोस ना शेत पिकतंय? मंग पोरीच्या लग्नाचा जेवान आपल्या भाताचा करून दाखव. तू केलास तर तू हायेस तवर त्या तुकड्याला मी हात लावनार न्हाय.' शेट, आता तुमी हाव नि मी हाय. माजा भात राखा."

मी त्यांना शब्द दिला. दुकान त्या वर्षानंतर बंद करायचं माझं ठरलं होतं, त्यामुळे मलाही हे शेवटचं पीक जपावंसं वाटत होतं. मी रिक्षा करून अंजूरला जायला लागलो. चाळीस वर्षं लोकांनी शेत माझ्याकडे रुमालातून आणलं, शेवटच्या वर्षी मी शेताकडे गेलो.

भाताचा खरा वैरी म्हणजे खोडकिडा. त्याचं पाखरू पिवळसर असतं, मादीच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका. ती पानाच्या शेंड्याकडे अंडी घालते आणि वर आपल्याच अंगाची लव पांघरते. अळी बाहेर पडली की थोडाच वेळ उघड्यावर असते, मग खोडात शिरते. औषधाला सापडते ती तेवढ्यातच. एकदा आत गेली की बाहेर लोंबी पांढरीफटक पडेपर्यंत तुम्हाला कळतही नाही. दुरून ते पांढरं शेत फार सुंदर दिसतं. हातात घेतलं तर एकाही लोंबीत दाणा नसतो. त्याला आमच्याकडे पळींज म्हणतात.

आम्ही लावणीच्या वेळीच रोपांचे शेंडे छाटले, म्हणजे त्यांच्यावरची अंडी तिथेच गेली. पुढे पानांच्या सुरळ्या करणारी अळी दिसली, तेव्हा दादांनी आणि त्यांच्या भाच्याने शेताच्या दोन बांधांवर उभं राहून पिकावरून दोर ओढला. सुरळ्या पाण्यात पडल्या, पाणी काढून दिलं, काम झालं. थोडे तुडतुडे दिसल्यावर दादा पंप पाठीवर घेऊनच निघाले. मी त्यांना थांबवून रोपांच्या चुडाच्या, म्हणजे झुबक्याच्या, बुंध्याशी वाकून बघायला लावलं. तिथे कोळी होते, भरपूर.

"हे तुमचे बिनपगारी गडी आहेत," मी म्हटलं. "आत्ता फवारलंत तर आधी हे मरतील, आणि तुडतुडे परत दुप्पट होऊन येतील."

दादा कोळ्यांकडे बघत राहिले. "औषध इकनारा मानूस औषध मारू नको बोलतो," ते म्हणाले. "दुकान बंद पडनारच तुमचा."

गणपतीत मी गेलो तेव्हा शेत बघून मला माझ्याच धंद्याचा अभिमान वाटला. पोटरीवर आलेलं, लोंबी अजून पोटात असलेलं भात, काळंशार हिरवं, एक पान वाया गेलेलं नाही. रमाकांत गाडीतून उतरून बांधावर आला. बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "जमलंय बाबा." दादांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण तो गेल्यावर मला म्हणाले, "आयकलाव ना?"

गणपती गेले आणि शेताला लागून उभं राहिलेलं नवं गोदाम सुरू झालं. ते दादांच्या घराचं नव्हतं, बाहेरच्या कुठल्या कंपनीने घेतलेलं होतं. कुंपणाच्या भिंतीवर ओळीने मोठे दिवे लागले. तोंडं बाहेरच्या बाजूला, म्हणजे दादांच्या शेताकडे. दिवेलागणीला ते पेटले की सकाळपर्यंत भातावर दिवसासारखा उजेड.

खोडकिड्याचं पाखरू उजेडाला येतं. आम्हीच लोकांना प्रकाशसापळे लावायला सांगायचो. दिवा लावायचा, खाली पाण्याची परात ठेवायची, पाखरं त्यात पडून मरतात. इथे दिवे होते, खाली परात नव्हती, दादांचं भात होतं. आजूबाजूला दुसरं भातही उरलं नव्हतं. खाडीपलीकडून, कुठून कुठून येणाऱ्या पाखरांना अंडी घालायला एवढा एकच तुकडा. त्यात आणखी एक गोष्ट. भाताला लोंबी काढायला काळोखी रात्र लागते. ती मिळेना, म्हणून पीक निसवायलाही उशीर करायला लागलं. माझ्या चाळीस वर्षांत हे दुखणं कुणी रुमालात आणलं नव्हतं.

मी आणि दादा गोदामाच्या गेटवर गेलो. तिथला रखवालदार रामसूरत जौनपूरकडचा, उतारवयाचा. त्याला समजावून सांगायला लागलंच नाही. दादांच्या हातातलं पान त्याने उलटवून बघितलं, लवेखालची अंडी बघितली आणि म्हणाला, "हमारे यहाँ भी धान होता है, चाचा." पण दिवे बंद करणं त्याच्या हातात नव्हतं. "कैमरा लगा है साहब. अँधेरा हुआ तो फोन आ जाता है."

गोदामाच्या मॅनेजरला भेटलो. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं आणि सांगितलं की हे विम्याच्या अटीत आहे, वर विचारावं लागेल. वर कुणाला विचारतात ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. रमाकांतनेही दोन-तीनदा फोन केले, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्याला पैज अशी जिंकायची नव्हती.

मग उरलं माझं औषध. सगळ्यांत चांगलं, अळीचं तोंड बंद पाडणारं, मी दिलं. दादांनी ते अगदी मी सांगितलं तसं मारलं, तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याकडे पाठ करून, नोझलला काडी घालून. लागूही पडलं. पण औषध एकदा मारलं की त्याचा जोर काही दिवस राहतो, पुढे उतरतो. पाखरं रोज संध्याकाळी नव्याने येत होती. आम्ही पुन्हा मारलं. त्यानंतर मीच नको म्हटलं. त्यापुढे मारलं असतं तर कोळी गेले असते आणि औषधाचं पाणी खाडीत गेलं असतं, पाखरं मात्र राहिलीच असती.

नवरात्रानंतर शेत पांढरं पडायला लागलं. दादा दुकानात आले. हातात रुमाल. रुमालात एक लोंबी, पांढरी, ताठ. ताठ असते, कारण वाकायला दाण्याचं वजनच नसतं. त्यांनी ती काउंटरवर ठेवली.

"औषध द्या, शेट."

"दादा, आता नाही."

"लाल त्रिकोनवाला द्या. तुमी कवा दिला न्हाय मना. यंदाला द्या."

"अळी आत गेलीय, दादा. लोंबी पांढरी झाली की जगातलं कुठलंही औषध ती परत भरत नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लोंबी परत रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली आणि विचारलं, "चहा हाय का?" आम्ही दोघांनी चहा घेतला. मागे लूम खडखडत होते. आयुष्यात इतकं असहाय मला दुसऱ्या कुठल्या दिवशी वाटलं नाही. कपाटभर बाटल्या पाठीशी आणि समोर बसलेल्या माणसाला द्यायला एक थेंब नाही.

कापणीला मी मुद्दाम गेलो. भिंतीच्या एका टोकाला, कोपऱ्यात, भात पिवळंधमक होऊन खाली वाकलेलं होतं. भरलेलं. एवढासा कोपरा, दोन बिछाने मावतील इतकाच. मी वर बघितलं. त्या कोपऱ्यावरच्या दिव्याचं तोंड भिंतीकडे वळवून सुतळीने बांधलेलं होतं आणि वर तांदळाचं रिकामं पोतं टाकलेलं होतं. रामसूरत गेटवरून आमच्याकडे बघत होता. मी जवळ गेल्यावर हळूच म्हणाला, "उस कोने में कैमरा नहीं देखता. बस उतना ही कर पाया."

त्या कोपऱ्यातून अक्षतांपुरते तांदूळ निघाले. जेवणापुरते निघायचा प्रश्नच नव्हता.

पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलं. खळ्यावर रमाकांत वडिलांजवळ बसला आणि म्हणाला, "बाबा, दिव्यांचा दोष हाय, तुजा न्हाय. शेत ऱ्हाऊ दे. पुढल्या वर्षी परत लाव." तो मनापासून बोलत होता. दादा मूठभर तांदूळ या हातातून त्या हातात घेत होते.

"न्हाय रे," ते म्हणाले. "दिवं जानार न्हायत. पुढल्या वर्षी लावला तरी मी त्या किड्यालाच पोसनार. टाक भराव."

"बाबा..."

"टाक बोललो ना."

लग्न थाटात झालं. बायका लग्नाची गाणी म्हणत होत्या, प्रणाली पिवळ्या शालूत फार गोड दिसत होती. अक्षता वाटत दादा स्वतः फिरत होते. माझ्या हातावर त्यांनी मोजून चार दाणे ठेवले. हळदीने पिवळे झालेले, आखूड, जाडसर. मंगलाष्टकं संपली, सगळ्यांचे हात उठले, मीही टाकले. जेवणाचा तांदूळ बाजारातला होता, लांब दाण्याचा, सुवासिक. दादा माझ्या पंगतीला बसले होते. त्यांनी भात घेतला नाही, वाढप्याला हाताने नको म्हटलं.

उन्हाळ्यात भराव पडला. मी दुकान बंद केलं, राहिलेल्या बाटल्या परत पाठवल्या. अंजूरला जायचं कारण उरलं नव्हतं, पण यंदा नवरात्राच्या सुमारास सहज गेलो. घरी कळलं, दादा गोदामाच्या गेटवर असतील, रोज संध्याकाळी तिथेच जाऊन बसतात. रामसूरतच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर दादा बसलेले होते. दोघांच्या समोर मुरूम दाबून केलेलं मैदान, त्यावर ट्रक उभे. रामसूरतने माझ्यासाठी स्टूल आणलं.

दिवेलागण झाली आणि भिंतीवरचे दिवे एकदम पेटले. थोड्या वेळाने एक पिवळं पाखरू दिव्याभोवती फिरलं आणि माझ्याजवळ भिंतीवर बसलं. पंखांवर काळे ठिपके. मादी. पोट अंड्यांनी फुगलेलं. ती खाली मुरमावर उतरली, इकडेतिकडे सरकली, परत भिंतीवर आली. हिला मारायला मी आयुष्यभर औषधं विकली, आणि आता तिला बसायला सबंध अंजुरात भाताचं एक पान नाही, हे मनात आलं आणि माझे डोळे भरून आले. तरी सवयीने माझा हात उचललाच गेला.

दादांनी तो धरला.

"ऱ्हाऊ दे शेट," ते म्हणाले. "रोज येतंय एकादा. पोटात अंडी घिऊन येतंय बिचारा. त्याला कोन सांगनार, हितं आता भात न्हाय?"